जमीन वाचणारा मलिक अंबर

दिवसभराच्या रोजानंतर मगरिबची अजान होते, खजूर तोंडात टाकला जातो आणि पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो. पाण्याची जी किंमत त्या घोटात कळते, ती वर्षभर कळत नाही. इस्लाममध्ये तहानलेल्याला पाणी पाजणं हा मोठा सदका मानला जातो. विहीर खोदून देणं तर सदका-ए-जारिया, म्हणजे माणूस गेल्यावरही ज्याचं पुण्य चालू राहतं असं दान. चैत्रात रस्त्याच्या कडेला पाणपोई बसते, मोहरममध्ये सबील लागते, भावना एकच. पण पाणी द्यायचं तर ते आधी सापडलं पाहिजे, आणि सापडायचं तर पायाखालची जमीन समजली पाहिजे. ती समजून घेऊन एका अख्ख्या शहराला पाणी देणारा माणूस चारशे वर्षांपूर्वी मराठवाड्यात होऊन गेला. त्याचं नाव मलिक अंबर.

माजलगावकरांना जमिनीजमिनीतला फरक शिकवावा लागत नाही. एका अंगाला बालाघाटचे डोंगर आणि हलकी, मुरमाड रानं. दुसऱ्या अंगाला गोदाकाठची गंगथडी, काळीभोर खोल माती. पाटोद्याकडच्या डोंगरात उगम पावलेली सिंदफणा ही दोन्ही रूपं पाहत खाली येते आणि मंजरथला गोदावरीत मिळते. या सगळ्या मुलखाखाली खडक मात्र एकच, काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. वेरूळची लेणी याच खडकात कोरली, देवगिरीचा खंदक याच खडकात तासला.

मलिक अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणी त्याचं नाव चापू होतं. योगायोग असा, की इथिओपियाचं उंच पठारही लाव्हाच्या थरांचंच आहे. आपल्या पठारापेक्षा वयाने लहान, सुमारे 3 कोटी वर्षांचं. पण ते पठार त्याला लाभलं नाही. कोवळ्या वयात तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्राच्या बाजारांतून हातोहात फिरत तो बगदादला पोहोचला. तिथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब आणि कारभाराचे धडे दिले. अंबर हे नाव त्याला तिथेच मिळालं.

1570 नंतरच्या वर्षांत तो समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामही. त्याच्या पदरी राहून अंबरने दरबार, फौज आणि महसूल जवळून पाहिला. शिवाय तो ज्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, राहत होता, ते शहर जमिनीखालून खापरी नळांनी आणलेल्या पाण्यावर जगत होतं. डोंगराकडचं पाणी उतारावरून, कुठेही न उपसता हौदापर्यंत कसं येतं, हे तिथे रोज दिसत होतं.

त्याच काळातलं निजामशाहीचं एक काम बीड शहराजवळ आजही उभं आहे. खजाना विहीर 1582 च्या सुमारास बांधली गेली. त्या वेळी बीडचा जहागीरदार सलाबतखान होता, आणि विहिरीची आखणी राजा भास्कर याची मानली जाते. आजूबाजूच्या जमिनीत मुरलेलं पाणी भुयारांतून विहिरीत येतं आणि दुसऱ्या भुयाराने उताराकडच्या शेतीला जातं. एका मुसलमान जहागीरदाराचा पैसा, एका हिंदू जाणकाराची नजर आणि गवंड्या-बेलदारांचे हात, असं ते काम. मलिक अंबरच्या पुढच्या कामामागे हीच निजामशाही परंपरा उभी होती.

चंगेजखानाच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून मुक्त झाला. काही वर्षं त्याने विजापूरकरांची चाकरी केली. मलिक हा किताब तिथलाच. 1595 च्या सुमारास तो निजामशाहीत परतला, तेव्हा राज्य कोसळत होतं. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. दुसरा कुणी असता तर मोगलांची मनसब स्वीकारून मोकळा झाला असता. अंबरने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून त्याला मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवलं आणि परांड्याहून राज्य पुन्हा उभं करायला घेतलं. पुढची पंचवीस वर्षं अकबर आणि जहांगीर यांच्या बलाढ्य फौजांना दख्खन पुरती जिंकता आली नाही.

त्याचं एक कारण त्याचं भूगोलाचं ज्ञान होतं. मोगलांची फौज मोठी. हत्ती, तोफा, बाजारबुणगे, हजारो जनावरं. एवढ्या लवाजम्याला रोज पाणी आणि चारा लागतो. कोणत्या घाटातून वाट आहे, कोणत्या ओढ्याला माघ-फाल्गुनापर्यंत पाणी टिकतं, कोणती काळी जमीन पावसात तोफांची चाकं गिळते, हे अंबरला आणि त्याच्या मराठा सरदारांना पाठ होतं. मालोजी भोसले, लखुजी जाधव, पुढे शहाजीराजे अशा घराण्यांची माणसं त्याच्या बरोबरीने लढली. समोरासमोर भिडायचं टाळायचं, रसद तोडायची, शत्रूला कोरड्या मुलखात खेचायचं. या युद्धतंत्राला बर्गीगिरी म्हणत. फौजेच्या डोक्यात मुलखाचा नकाशा पक्का असेल, तरच ते जमतं.

1610 च्या सुमारास मलिक अंबरने राजधानीसाठी खडकी हे गाव निवडलं. खडकाळ जागेवरून गावाला हे नाव पडल्याचं सांगतात. देवगिरीचा बळकट किल्ला जवळ, उत्तरेकडे बुऱ्हाणपूरला जाणारी वाट जवळ, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधून वाहणारी खाम नदी. गावाचं शहर झालं. भडकल दरवाजा उभा राहिला, मशिदी उठल्या, पेठा बसल्या. हेच पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर.

पण खडकाळ जागेवर शहर वसवायचं म्हणजे पाण्याचा प्रश्न आलाच. खाम ही काही बारमाही मोठी नदी नव्हे. शिवाय लढाईच्या दिवसांत उघड्या तलावावर आणि पाटावर भिस्त ठेवणं धोक्याचं. शत्रू पाटाचा बांध फोडतो, पाणी नासवतो. 1616 मध्ये मोगल फौजेने अंबरचा पराभव करून खडकी लुटली, जाळली. फौज मागे गेली आणि अंबर पुन्हा त्याच राखेवर आला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत, 1617 च्या सुमारास, शहरात पाणी आलं ते जमिनीखालून. तीच नहर-ए-अंबरी.

हे पाणी कुठून आलं, हे समजायला पुन्हा खडकाकडे वळावं लागतं. बेसाल्टचे सगळे थर सारखे नसतात. काही थर घट्ट असतात. त्यात पाणी शिरत नाही. काही थरांत लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून छिद्रं राहिलेली असतात. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा, मातीसारखा पट्टा सापडतो. वरचा खडक झिजून मुरूम होतो. पाऊस पडला की पाणी मुरमातून, भेगांतून, छिद्रांतून खाली झिरपतं आणि घट्ट थर आला की अडतं. मग ते उताराच्या दिशेने आडवं सरकत राहतं. डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या खोऱ्यात हे मुरलेलं पाणी जमिनीच्या जवळ येतं.

अंबरच्या जाणकारांनी हेच हेरलं. शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला, खाम नदीच्या खोऱ्यात जमिनीखालून बोगदा काढला. बोगद्याच्या भिंतींतून पाझरणारं पाणी आत गोळा होऊ लागलं. शहर खालच्या अंगाला असल्याने ते उताराने आपोआप वाहत आलं. ठिकठिकाणी वरून आत उतरण्यासाठी झरोके ठेवले, म्हणजे हवा खेळते आणि गाळ काढता येतो. शहरात हौद आणि नळ यांच्यातून ते पाणी मोहल्ल्यामोहल्ल्यांत वाटलं गेलं. ना मोट, ना रहाट, ना बैल. सगळं काम उताराचं.

ऐकायला सोपं, पण करायला अवघड. उतार जास्त झाला तर पाण्याच्या वेगाने बोगदा खरवडतो, कमी झाला तर गाळ बसतो. अशा नहरींना हजार हातांमागे हात-दोन हात इतकाच उतार लागतो. अंधारात, जमिनीखाली, हा उतार शेवटपर्यंत सांभाळायचा, तर मोजणीदाराची दोरी, ओळंबा आणि पाणसळ चोख हवी. इराणमधल्या अल-करजी नावाच्या गणितीने सुमारे 1017 मध्ये जमिनीत दडलेलं पाणी बाहेर काढण्यावर आख्खा ग्रंथ लिहिला होता. त्यात डोंगर, माती, झाडं पाहून पाणी कसं ओळखावं आणि समपातळी कशी मोजावी, हे सांगितलं आहे. त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजलावर स्वतंत्र अध्याय लिहिला. झाडं, वारुळं, मातीचा रंग आणि खडक यांवरून पाण्याचा ठाव सांगितला. उर्दूत भूगर्भशास्त्राला तबकात-उल-अर्जचं इल्म म्हणतात, म्हणजे जमिनीच्या थरांचं ज्ञान. हे ज्ञान वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या भाषांत जमा झालं, आणि दख्खनच्या पाषाणात ते कामी आलं.

याच काळात, 1615 च्या सुमारास, बुऱ्हाणपुरातही सातपुड्याकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणण्यात आलं. आज ती कुंडी भंडारा म्हणून ओळखली जाते. ते काम अब्दुल रहीम खान-ए-खाना याच्या सुभेदारीतलं. दोहे लिहिणारा रहीम तो हाच, आणि दख्खनच्या रणांगणावर मलिक अंबरच्या समोर उभा राहिलेला मोगल सेनापतीही हाच. दोघे एकमेकांच्या फौजा हटवण्यात गुंतले होते आणि दोघांच्या अमदानीत, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, एकच विद्या दोन शहरांची तहान भागवत होती.

मलिक अंबरने पाण्याइतकीच मातीही पारखली. त्याआधी अनेक ठिकाणी महसूल इजाऱ्याने दिला जाई. जास्त बोली लावणारा इजारदार रयतेला पिळून वसुली करी. अंबरने इजारा बंद केला. गावोगावच्या जमिनीची कसाप्रमाणे प्रतवारी केली. उत्तम, मध्यम, हलकी, बागायत, जिरायत. उभं पीक पाहून, त्या वर्षी काय पिकलं याचा अंदाज घेऊन सारा ठरवण्याची रीत घातली. आधी धान्यात सुमारे दोन पंचमांश, पुढे रोखीत सुमारे एक तृतीयांश, असं प्रमाण इतिहासकारांनी नोंदवलं आहे. गावच्या पाटलाचे आणि मिरासदाराचे हक्क त्याने मान्य केले, म्हणजे जमीन ओळखणारा माणूस जमिनीवर टिकला.

गंगथडीची काळी आणि बालाघाटाची मुरमाड यांना एकच सारा लावला, तर पहिला शेतकरी फुकट सुटतो आणि दुसरा गाव सोडून जातो. दोन्हीकडची रानं पाहिलेल्या कोणत्याही माणसाला हे कळतं. पण ते राज्याच्या दप्तरात उतरवायला पाहणी करणारी माणसं हवीत आणि त्यांचं ऐकणारा कारभारी हवा. मलिकंबरी धारा म्हणून ही पद्धत महाराष्ट्रात नावाजली. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी ती चालवली, आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातल्या जमाबंदीलाही तिचा पाया मिळाला.

त्याच्या आयुष्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जमिनीचं आणि पाण्याचं हेच ज्ञान त्याने शस्त्र म्हणूनही वापरलं. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला. पाण्याने वाटा बंद झाल्या, चिखलात तोफा आणि जनावरं रुतली, छावणीचे हाल झाले आणि मग त्याने छापा घातला. दख्खनमधला हा त्याचा सर्वांत मोठा विजय. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. पण फुटलेल्या तलावाखाली ज्यांची शेतं होती, त्यांच्यासाठी तो दिवस विजयाचा नसणार. पाव शतक चाललेल्या लढायांत दोन्ही बाजूंच्या फौजांनी चारा जाळला, उभी पिकं तुडवली. रयतेचा सारा न्यायाने ठरवणारा आणि त्याच रयतेच्या मुलखात अखंड युद्ध लढणारा, असे दोन्ही मलिक अंबर एकाच माणसात होते.

खडकीवरही पुन्हा संकट आलं. 1621 मध्ये शाहजहानच्या नेतृत्वाखालच्या मोगल फौजेने शहराची दुसऱ्यांदा नासधूस केली. वाडे पडले, पेठा उजाडल्या. नहर जमिनीखाली होती, ती राहिली. पुढे मोगलांनीच याच शहरात आपली दख्खनची राजधानी थाटली. जहांगीरने अंबरचा इतका राग धरला होता, की त्याच्या चित्रकाराने बादशहा अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे असं चित्र काढलं. प्रत्यक्षात तसं कधी घडलं नाही. अंबर मोगलांच्या हाती लागला नाही.

मे 1626 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास, तो वारला. हिजरी सनाप्रमाणे तो शाबानचा महिना होता. रमजान अगदी तोंडावर आला होता. खुलताबादला सुफी संतांच्या सान्निध्यात त्याची साधी, भक्कम कबर आहे. जवळच त्याची बेगम करीमा हिची. त्याच्यानंतर मुलगा फतेहखान याला राज्य पेललं नाही. 1630 ते 1632 या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि 1636 मध्ये निजामशाही संपली. लांबून गुलाम म्हणून आलेल्या त्या माणसाचं राज्य त्याच्यामागे दहा वर्षं टिकलं. नहर मात्र पिढ्यानपिढ्या वाहत राहिली. शहरात त्यानंतर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी देणारी नहर त्यांपैकीच एक.

ही नहर इतकी का टिकली, याचं उत्तर तिच्या रचनेत आहे. बोगदा ज्या पातळीवर खोदला, त्या पातळीपर्यंत जमिनीत पाणी असेल तरच तो वाहतो. पाणी कमी झालं की प्रवाह बारीक होतो, त्याखाली गेलं की थांबतो. खालच्या थरातलं पाणी ओढून घ्यायची सोयच तिच्यात नाही. पावसाने जे दिलं, त्यातला वरचा वाटा ती घेते आणि बाकीचं जमिनीत राहू देते. दिवसभर समोर पाणी असून न पिणाऱ्या रोजेदाराला किंवा एकादशी धरणाऱ्याला ही मर्यादा वेगळी समजावून सांगायला नको.

बोअरवेलला अशी मर्यादा नसते. दोनशे फुटांवर पाणी लागलं नाही, तर चारशे, मग सहाशे. बेसाल्टचा स्वभाव असा, की तो पाणी फार धरत नाही. शंभर घनफूट खडकातून फार तर दोन-तीन घनफूट पाणी हाती येतं. जितकं खोल जावं तितक्या भेगा कमी होतात आणि तिथलं पाणी भरून यायला फार काळ लागतो. एकाच्या खोल बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते. म्हणूनच राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घालण्याची तरतूद केली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात; पावसाळा संपल्यावर, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. खडकाचे थर, नदीचं पाणलोट क्षेत्र, पाऊस आणि उपसा यांचा मेळ घालून कोणत्या गावाने किती पाणी घ्यावं, याचा ताळेबंद निघतो. साधनं बदलली आहेत, पण जमिनीला विचारायचे प्रश्न अंबरच्या मोजणीदारांचेच आहेत. उतार कुठे आहे, थर कोणता आहे, पाणी कुठे अडतं आणि किती भरून येतं?

माजलगावला 1987 पासून सिंदफणेवरच्या धरणाचा आधार आहे. पैठणच्या उजव्या कालव्यातून गोदावरीचं पाणीही त्यात येतं. तरी या धरणाने अनेकदा मृतसाठा गाठलेला पाहिला आहे. त्या वर्षी उसाचं रान असो की मशिदीतला वजूचा हौद, मंदिराच्या आवारातला नळ असो की दर्ग्याजवळची टाकी, सगळ्यांची भिस्त पुन्हा जमिनीखालच्या पाण्यावर येते. तो खडक कुणाचा धर्म पाहत नाही, आणि किती खोल खणलं याच्याशीही त्याला देणंघेणं नसतं. पावसात जेवढं मुरलं, तेवढंच तो परत देतो.

नहर-ए-अंबरीचे बरेचसे भाग आज बांधकामांखाली गेले आहेत, काही ठिकाणी तुंबले आहेत. ज्या शहराने तिच्यावर तीन शतकं तहान भागवली, तेच आता गोदावरीचं पाणी लांबून पंपाने उचलून आणतं. बीडची खजाना विहीर अजून पाणी धरून आहे. तिच्यात भुयारांतून येणारं पाणी भोवतालच्या रानांत मुरलेलं असतं. ती रानं मोकळी राहिली आणि त्यांच्याखालचा उपसा हाताबाहेर गेला नाही, तरच पुढच्या रमजानला आणि त्यापुढच्या चैत्रालाही ते येत राहील.